अ‍ॅक्युपंक्चर: पॉइंट चुकले होते, तर आईला आराम कसा पडला?

कर्वेनगरकर:

नमस्कार. प्रश्न आईच्या गुडघ्याचा आहे, पण फक्त गुडघ्याचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई 71 वर्षांची. सहकारनगरला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून रोज सकाळी तळजाई टेकडीवर जायची, तिथे तिच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा धरला. एक्स-रेमध्ये झीज दिसली. ऑर्थोंनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले, ऑपरेशनची घाई नाही म्हणाले. गोळ्यांनी पित्त व्हायला लागलं, तेव्हा टेकडीवरच्याच एका काकूंनी टिळक रोडजवळच्या एका वयस्कर अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं नाव सुचवलं.

त्यांच्याकडे मी स्वतः तिला सहा-सात वेळा घेऊन गेले आहे. ते आधी अंगठ्याने गुडघ्याभोवती दाबत जायचे. आई ‘हां, इथे’ म्हणाली की तिथे सुई. चार सुया गुडघ्याभोवती आणि एक खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. सुई केसासारखी बारीक, शिरताना कळतही नाही. मग ते ती दोन बोटांत धरून हलकेच फिरवायचे आणि आई डोळे मिटून घ्यायची. ‘दुखतंय का?’ विचारलं तर म्हणायची, ‘दुखत नाही गं, आतून कुणीतरी दोरा ओढतंय असं वाटतं.’ दहा सीटिंग झाल्यावर एका संध्याकाळी ती कठड्याला हात न लावता जिना उतरली. मी खाली गाडीपाशी उभी राहून बघत होते. त्या वर्षी गणपतीत आरती संपेपर्यंत उभी राहिली.

मग त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुलाकडे राहायला गेले. या पावसाळ्यात गुडघ्याची पुन्हा कुरकुर सुरू झाली म्हणून कोथरूडमध्ये दुसरीकडे नेलं. नाव लिहीत नाही. भिंतीवर माणसाच्या आकृतीचा मोठा तक्ता, त्यावर नंबर घातलेले. त्यांनी विचारलं, आधी कुठे टोचत होते? आईने बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, ‘हे पॉइंटच नाहीत. प्रत्येक पॉइंटचं काम ठरलेलं असतं, अर्धा इंच सरकलं की सगळं वाया. तुम्हाला वाटला तो आराम मनाचा होता.’ वर वीस सीटिंगचे पैसे आधीच भरायला सांगितले.

रिक्षात आई काही बोलली नाही. घरी चहा झाल्यावर म्हणाली, ‘आराम मनाचा होता, तर मग दुखणंही मनाचंच असेल माझं.’ 34 वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेली बाई आहे ती. ताप असला तरी सांगायची नाही. त्या दिवसापासून गुडघा दुखतो हे बोलायलाच तयार नाही. जिना चढताना मध्येच थांबते आणि विचारलं की म्हणते, ‘काही नाही, पिशवी जड आहे.’

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. अमुक बिंदूचा अमुकच परिणाम, हे कुणी तपासून पाहिलंय का? सुई थोडी इकडेतिकडे झाली तर काय होतं? आणि माझ्या आईला पडलेला आराम खोटा होता का?

भूलतज्ज्ञ_पुणे:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, खोटा नव्हता. हे तुमच्या समाधानासाठी म्हणत नाहीये. नेमक्या याच प्रश्नावर, आणि नेमक्या गुडघ्यावर, मोठं काम झालेलं आहे.

जर्मनीत 2006 साली गुडघ्याची झीज असलेल्या 1007 लोकांवर एक चाचणी झाली. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम बिंदू सोडून भलतीकडे आणि अगदी वरवर टोचलेल्या सुया. आपल्याला कुठली सुई मिळते आहे हे या दोन गटांतल्या रुग्णांना माहीत नव्हतं. तिसऱ्याला सुया नाहीत, नेहमीचे उपचार. 26 आठवड्यांनी पाहिलं तेव्हा ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा पहिल्या गटात 53.1 टक्के लोकांना होती, दुसऱ्यात 51.0 टक्के आणि तिसऱ्यात 29.1 टक्के.

हे आकडे आईंना वाचून दाखवा. ‘चुकीच्या’ जागी टोचलेल्यांपैकी निम्म्या लोकांना सहा महिन्यांनीही तेवढा आराम होता. कंबरदुखीवर 2007 साली तिथेच 1162 लोकांची चाचणी झाली, तिचंही चित्र असंच आहे: 47.6, 44.2 आणि 27.4. अमेरिकेत 2009 साली तर कंबरदुखीच्या एका गटाला सुई टोचलीच नाही, नळीतून टूथपिकचं टोक त्वचेला लावून फिरवलं. त्यांनाही खऱ्या सुयांच्या गटाइतकंच बरं वाटलं.

याचा अर्थ सगळं मनाचं, असा होत नाही. मी रोज लोकांची वेदना बंद करते, तो माझा व्यवसाय आहे, आणि वेदना हा काही नुसता गुडघ्यातून निघून मेंदूत पोचणारा निरोप नाही. वाटेत मज्जारज्जूत तो मोठा होतो, लहान होतो. त्वचेला, स्नायूला दुसरी संवेदना मिळाली की तो दबतो. मेंदूतून खाली येणारे मार्गही तो दाबतात, आणि शरीरातली अफूसारखी द्रव्यं, एन्डॉर्फिन वगैरे, त्यात भाग घेतात. 1977 साली असं दिसलं होतं की नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा परिणाम उतरवणारं औषध दिलं, की सुयांनी आलेली बधिरता कमी होते. गुडघ्याजवळ कुठेही सुई फिरवली तरी यातलं बरंच काही चालू होऊ शकतं. त्यात विश्वास, स्पर्श, अर्धा तास कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देणं हेही आलं. त्याचाही परिणाम शरीरातच होतो. आई कठड्याला न धरता उतरल्या तेव्हा पाय त्यांचेच होते.

आता दुसरी बाजू, कारण बिंदूंना काहीच अर्थ नाही असंही मी म्हणणार नाही. मनगटाचा एक बिंदू आहे, नेइगुआन, आम्ही पी-सिक्स म्हणतो. तळहात वर करून मनगटाच्या घडीला लागून, कोपराच्या बाजूला, स्वतःची तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या वर, मधोमध, दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात. मूठ वळून मनगट किंचित वाकवलं की त्या वर येतात. त्या दोन दोऱ्यांच्या मधली खाच, तो बिंदू. (काही लोकांना त्यातली एक दोरी जन्मतःच नसते, घाबरू नका.) ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी यावर 1986 पासून, बेलफास्टच्या भूलतज्ज्ञ डंडी यांच्यापासून, काम चालू आहे. 2015 च्या कोक्रेन आढाव्यात (म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या अभ्यासात) 59 चाचण्या आणि 7667 रुग्ण होते. भलत्या जागी केलेल्या किंवा नकली उपचारापेक्षा या बिंदूवर मळमळ आणि उलट्या कमी झाल्या, आणि उलटीच्या औषधांच्या तुलनेत तो मागे पडला नाही. पुराव्याचा दर्जा मात्र कमी आहे, हे त्याच आढाव्यात लिहिलंय.

दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालेल्या बायकांना फार मळमळतं. औषध मी देतेच, ते कधीच सोडत नाही. पण रिकव्हरीत एखादी बाई ट्रे हातात धरून बसली असेल तर तिचं मनगट हातात घेऊन तिथे अंगठा दाबून धरते. काहींना फरक पडतो, काहींना नाही.

आणि आईंच्या नडगीजवळची ती पाचवी सुई. ती बहुधा झु-सान-ली, तक्त्यावर ‘स्टमक 36’. हार्वर्डच्या चमूने 2021 साली उंदरांवर दाखवलं की मागच्या पायात त्या जागी सौम्य वीजप्रवाह दिला की व्हेगस नर्व्हमार्गे, म्हणजे मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणाऱ्या मज्जातंतूमार्गे, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो आणि अंगातली सूज कमी होते. पोटावरच्या बिंदूवर तेवढाच प्रवाह दिला तर होत नाही. कारण एका विशिष्ट जातीचे मज्जातंतू पायाच्या खोल आवरणात आहेत, पोटाच्या आवरणात नाहीत. म्हणजे जागेला अर्थ आहे, पण तो त्या भागात कुठले मज्जातंतू आहेत यातून येतो. आणि हे उंदरांच्या सुजेबद्दल झालं, माणसाच्या गुडघ्याबद्दल नाही. एवढ्यावरून तक्त्यावरच्या प्रत्येक नंबरला वेगळं काम आहे, असं कुणी सांगू लागलं तर मानू नका.

घाटमाथा:

ताम्हिणी घाटात माझ्या नातवाला हमखास उलटी व्हायची. त्या मनगटाच्या पट्ट्या मिळतात ना, आत प्लास्टिकचं बटण असतं, त्या सुनेने आणल्या. तीन वेळा कोकणात जाऊन आलो, एकदाच गाडी थांबवावी लागली. पण त्याच काळात त्याला पुढच्या सीटवर बसवायला लागलो होतो, त्यामुळे गुण कुणाचा ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेली जागा वाचून काल पट्टी तपासली. बटण मनगटाच्या घडीवरच येत होतं. आता वर सरकवून बांधू.

मुळाक्षर:

आपल्या सुश्रुताने 107 मर्मं सांगितली आहेत. हे बिंदू म्हणजे तीच मर्मं असावीत. मग प्रत्येकाचा परिणाम वेगळा असणारच ना?

सुईवाला_चिंचवड:

मी बरीच वर्षं अ‍ॅक्युपंक्चर करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

मुळाक्षर, मर्माबद्दल आदर ठेवून सांगतो: सुश्रुताने मर्मं सांगितली ती जपायला. त्या जागी इजा झाली तर माणूस दगावतो, पंगू होतो, म्हणून शल्यक्रियेत त्या टाळा, असा तो भाग आहे. टोचून बरं करायच्या जागांची ती यादी नाही. दोन परंपरा एकमेकींत मिसळू नयेत, दोघींचंही नुकसान होतं.

ताई, तुमच्या आईंना जे ऐकून घ्यावं लागलं त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. आणि ते आमच्या शास्त्राप्रमाणेही चूक आहे. सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचे मोठे वैद्य चीनमध्ये होऊन गेले. त्यांनी ‘आ-शी’ बिंदू सांगितले. आ-शी म्हणजे ‘हां, हेच!’ वैद्य दाबत जातो, रुग्ण ज्या जागी ‘हां’ म्हणतो तिथे सुई. त्याला नंबर नाही, तक्त्यावर जागा नाही. टिळक रोडचे ते गृहस्थ हेच करत होते. तुम्ही लिहिलंय, आई ‘हां, इथे’ म्हणायची. ते वाचताना मी थांबलो. चौदाशे वर्षांपूर्वीचीच पद्धत आहे ती.

‘अर्धा इंच सरकलं की वाया’ हेही मला पटत नाही. आमचं माप इंचात नसतंच. रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं म्हणजे तीन. आईंची चार बोटं वेगळी, माझी वेगळी. शिवाय बिंदूंच्या जागा ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चीन, जपान आणि कोरियाचे तज्ज्ञ बसले, तेव्हा 361 पैकी 92 बिंदूंच्या जागांवर तिघांचं एकमत नव्हतं. 2003 ते 2006 चर्चा झाल्या, तरी सहा बिंदूंना दोन-दोन पर्याय ठेवावे लागले. एवढ्या पिढ्या माणसं दोन्ही जागी टोचत आली आणि दोन्हीकडे लोकांना बरं वाटत आलं.

डॉक्टर मॅडमशी एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. ‘भलतीकडची सुई’ ही साखरेच्या गोळीसारखी परिणामशून्य तुलना नाही. तीही सुईच आहे, तीही त्वचेत शिरते. त्यामुळे खऱ्या-खोट्यातला फरक कमी दिसणारच. 2018 साली 39 चाचण्यांतल्या 20,827 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, त्यात बिंदूंवरच्या सुया नकली सुयांपेक्षा थोड्या सरस ठरल्या. फरक लहान आहे, मान्य, पण आहे. आणि उपचार थांबल्यावर वर्षभरानेही फायदा फक्त 15 टक्क्यांच्या आसपास घटलेला होता. आईंचा आराम वर्षभर टिकला, ते याच्याशी जुळतं.

आमच्या बाजूचीही चूक सांगतो, नाहीतर प्रामाणिकपणा होणार नाही. पायाच्या करंगळीच्या बिंदूला सुई लावली की मेंदूतलं दृष्टीचं केंद्र जागं होतं, असा शोधनिबंध 1998 साली गाजला होता. त्याचा हवाला मीही वर्गात दिला आहे. 2006 साली तो मागे घेतला गेला. वेदनेच्या बाबतीत तरी ठराविक बिंदू, ठराविक परिणाम असं दिसत नाही, असं त्या लेखकांनीच कळवलं. ज्या विद्यार्थ्यांना मी ते शिकवलं होतं त्यांच्यातल्या जमेल तितक्यांना मी नंतर फोन करून सांगितलं.

वीस सीटिंगचे पैसे आगाऊ देऊ नका. पाच-सहा सीटिंगमध्ये आईंना काय वाटतं ते पाहून ठरवा. सुया प्रत्येक वेळी नव्या, सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या हव्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा कायदा आहे, नोंदणी आहे का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

भूलतज्ज्ञ_पुणे:

सुईवाला, नकली सुईबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. पण मग त्याच मुद्द्याने हेही मान्य करावं लागतं की त्वचेत शिरलेली कुठलीही सुई काम करते. म्हणजे बिंदूचा वाटा लहान आणि सुईचा मोठा. ताईंच्या प्रश्नाला तेवढं पुरेसं आहे. फोनबद्दल वाचलं, फार बरं वाटलं.

ताई, एक राहिलं. गुडघा अचानक सुजला, लाल झाला, गरम लागला किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला, तर सुया नाहीत, आधी ऑर्थो. आणि झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यात भक्कम आधार मांडीच्या स्नायूचा. सुयांनी दुखणं कमी झालं की त्या काळात व्यायाम करून घ्यायचा असतो. तो मागच्या वेळी चालू होता का?

कर्वेनगरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यायाम चालू नव्हता, डॉक्टर. आराम पडला आणि आम्ही दोघीही विसरलो.

रविवारी आईकडे गेले होते. आधी काही बोलले नाही, जेवणं झाल्यावर हे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. आकड्यांपाशी तिने थांबवलं. ‘परत वाच. भलतीकडे टोचलेले किती?’ 51 टक्के, म्हटलं. ‘आणि बरोबर जागी?’ 53. तिने कॅलेंडर उलटं करून मागे पेन्सिलने तिन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक, शाळेत फळ्यावर लिहायची तसे. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे हे 51 टक्के लोकही काही खोटं बोलत नसणार.’ मी म्हटलं, नाही. ‘1007 माणसं आहेत,’ ती म्हणाली.

‘आ-शी’चं वाचल्यावर तिने साडी जरा वर घेतली आणि गुडघ्याखाली स्वतःची चार बोटं आडवी ठेवली, सुईवाला दादांनी लिहिलंय तशी. नडगीपासून एक बोट बाहेर दाबून पाहिलं. ‘इथे काही नाही.’ बोट किंचित वर सरकवलं, पुन्हा दाबलं आणि तोंड वाकडं केलं. ‘इथे. ते इथेच टोचायचे. तक्त्यावर असो नसो.’

मग विचारलं नसताना तिने सांगितलं, की उजवा गुडघा सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं वाकतच नाही, आणि गेला महिनाभर ती भाजी आणायला एकदाच खाली उतरते, दोनदा नाही. दूधवाल्याला पिशवी वर आणून द्यायला सांगितलंय. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

कोथरूडला परत जाणार नाही. या गुरुवारी ऑर्थोंची वेळ घेतली आहे. मांडीच्या स्नायूचे व्यायाम घरी येऊन शिकवणारं कुणी सहकारनगर, पर्वती किंवा अरण्येश्वर भागात माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. सकाळी दहाच्या आत नको, तेव्हा गुडघा ताठ असतो.